आनूप आणि जांगल : सातारा-सांगलीच्या वनश्रीचा इतिहास

भूमि आणि वनस्पति यांचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत औषधी कोठून गोळा कराव्या हें सांगतांना आधीं देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. जेथें आकाश मोकळें दिसतें, वारा कोरडा वाहतो, पाणी थोडें असतें आणि खैर, बोर, शमी असे वृक्ष वाढतात तो जांगल देश; जेथें पाणी मुबलक, झाडी दाट आणि हवा ओलसर तो आनूप; आणि दोहोंचीं लक्षणें जेथें मिसळलेलीं असतात तो साधारण. हा विचार वैद्यकाच्या ग्रंथांत आलेला असला तरी त्यास वनस्पतिभूगोलाचा आरंभ म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें काळाच्या ओघांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. ‘जांगल’ या शब्दाशीं सख्खें नातें असलेला ‘जंगल’ हा शब्द आज आपण नेमक्या उलट अर्थानें, म्हणजे दाट झाडीच्या अर्थानें वापरतों. मूळचा उघडा, कोरडा देश त्या शब्दांतून निघून गेला, आणि त्याच्या वांट्यास ‘पडीक’, ‘ओसाड’, ‘उजाड’ अशीं अभावदर्शक नांवें तेवढीं आलीं. शब्दाच्या या पालटामागें आपल्या दृष्टीचाही पालट आहे. तो कसा झाला आणि त्याचें मोल काय, हें पाहावयाचें तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतका सोयीचा प्रदेश दुसरा क्वचितच सांपडेल.

हे जिल्हे आज दोन असले तरी त्यांची भूमि एकाच घडणीची आहे. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि लगतचा संस्थानी मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. पश्चिमेस सह्याद्रीचा कणा, मध्यें कृष्णेचें खोरें आणि पूर्वेस माणदेश व जत-आटपाडीकडील माळ, असे तीन पट्टे या भूमींत उत्तर-दक्षिण पसरले आहेत. महाबळेश्वराची उंची सुमारें ४,५०० फूट. तेथें वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून १२ मैलांवर पांचगणीस तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. घाट उतरून वाईस आलें कीं ३० इंचांच्या आसपास राहतो. आणि शंभुमहादेवाच्या रांगेपलीकडे दहिवडी-म्हसवडकडे गेलें म्हणजे २० इंचांचीही खात्री उरत नाहीं. महाबळेश्वर आणि म्हसवड यांमधील अंतर सरळ रेषेनें ७५ मैलांच्या घरांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञानें दक्षिण अमेरिकेंतील चिंबोराझो पर्वताचें चित्र काढून, पायथ्यापासून शिखरापर्यंत वनस्पति कसकशा पालटत जातात हें जगास दाखविलें. आपल्याकडे तोच पालट पाहण्यास पर्वत चढावा लागत नाहीं. सूर्योदयाच्या दिशेनें एक दिवस चालत्या गाडींत बसलें कीं पुरे.

याचें कारण साधें आहे. अरबी समुद्रावरून आलेलें ओलें वारें सह्याद्रीस अडून वर चढतें. वर चढतांना तें थंड होतें आणि आपला बहुतेक भार पश्चिमेच्या अंगास टाकून देतें. माथा ओलांडून तें खालीं उतरूं लागलें कीं पुन्हा उष्ण होतें, आणि उष्ण हवा पाणी सोडण्यापेक्षां धरून ठेवते. म्हणून माणदेशावर आषाढांतले ढग दिवसचे दिवस धांवत असतात, पण ते कोणासाठीं थांबत नाहींत. माणदेशचा शेतकरी ते ढग पाहून हरखून जात नाहीं. त्याचा भरंवसा परतीच्या पावसावर, हस्ताच्या नक्षत्रावर असतो.

आतां पश्चिमेच्या आनूप देशाकडे पाहूं. महाबळेश्वराची झाडी सदाहरित आहे, परंतु उंच नाहीं. जांभूळ, अंजनी, पिसा आणि हिरडा हीं तेथील मुख्य झाडें. माथ्यावरील वारा आणि खडकावरील पातळ माती यांमुळें तीं खुजीं व वांकडींतिकडीं राहतात. त्यांच्या अंगावर शेवाळ, नेचे आणि आमरी यांचें दुसरें एक रान वाढलेलें असतें. कोयनेच्या खोऱ्यांत वासोट्याच्या पायथ्याशीं आणि तेथून दक्षिणेस चांदोलीकडे हीच झाडी अधिक खोल व गर्द होते. उतारावर कारवीचे दाट ताटवे असतात. ती सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते, आणि फुलून बीं धरलें कीं मरते.

या झाडीचा पद्धतशीर अभ्यास इंग्रजी अमदानींत सुरू झाला, आणि त्याचें एक कारण शास्त्रीय नसून निव्वळ हवेचें होतें. १८२९ सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार करून, वाईजवळील खंडाळें या गांवाच्या मोबदल्यांत महाबळेश्वराची जागा मिळविली. तेव्हांपासून मुंबई इलाख्यांतील साहेब लोकांचा उन्हाळा तेथें जाऊं लागला. त्यांतील ज्यांस फुलापानांचा नाद होता त्यांनीं आपल्या दाराशींच असलेली झाडी धुंडाळली. जॉन ग्रॅहॅम यानें मुंबईकडील वनस्पतींची यादी १८३९ सालीं तयार केली. ती पुरी छापून होण्यापूर्वींच त्याचा अंत झाला. इलाख्याच्या जंगलखात्याचा पहिला मुख्याधिकारी अलेक्झांडर गिब्सन आणि त्याच्यामागून आलेला निकोल डालझेल या दोघांनीं मिळून १८६१ सालीं ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलकी खात्यांतील लॉ हा अंमलदार वनस्पति गोळा करी. त्याचें नांव सड्यावरील एका तेरड्यास कायमचें चिकटलें आहे. शतकाच्या अखेरीस बर्डवुड यानें माथेरान आणि महाबळेश्वर येथील वनस्पतींची स्वतंत्र यादी केली. आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपल राहिलेला थिओडोर कुक यानें १९०१ पासून १९०८ पर्यंत सबंध इलाख्याच्या वनस्पतींचा तो ग्रंथ भागाभागानें प्रसिद्ध केला, जो अद्यापि अभ्यासकांच्या हातांतून सुटलेला नाहीं.

या ग्रंथांतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, त्यांत झाडांचीं मराठी नांवें जागोजाग दिलीं आहेत, परंतु तीं सांगणाऱ्या माणसांचा पत्ता त्यांत क्वचितच लागतो. रानांत वाट दाखविणारा कोळी, धनगर, कातकरी किंवा गांवचा वैद्य हाच या शास्त्राचा पहिला गुरु होता; शिष्य मात्र तेवढे प्रसिद्ध झाले. दुसरी गोष्ट ही कीं, यांतील बहुतेकांची पावलें डोंगराकडेच वळलीं. हवा खाण्यास म्हणून म्हसवडास किंवा जतेस कोण जाणार? पूर्वेकडील माळावर इंग्रज अंमलदार जाई तो जमाबंदीसाठीं किंवा दुष्काळी कामावर, आणि सारा देत नाहीं ती जमीन ‘पडीक’ असें लिहून परत येई. माळाचें वर्णन वनस्पतिशास्त्राच्या आधीं महसुलाच्या भाषेंत झालें, आणि तेंच रूढ झालें.

१९०४ सालीं जोसेफ हूकर यानें हिंदुस्थानच्या वनस्पतींचे प्रांत आंखले. त्याच्या विभागणीप्रमाणें घाटमाथ्याचा ओला पट्टा मलबारच्या प्रांतांत जातो आणि पूर्वेचें पठार दख्खनच्या प्रांतांत. म्हणजे केरळापासून निघालेली एक सीमा साताऱ्यांतून पुढें जाते. नकाशावर अशी रेषा काढणें सोपें असतें. प्रत्यक्षांत मात्र पर्वत आणि माळ एकमेकांच्या अंगणांत किती शिरलेले असतात, हें पुढील तीन उदाहरणांवरून दिसून येईल.

पहिलें उदाहरण एका फसलेल्या प्रयोगाचें आहे. १८६० नंतर महाबळेश्वरानजीक लिंगमळा येथें सरकारनें सिंकोन्याची लागवड केली. हिवतापावरील क्विनाईन ज्याच्या सालींतून निघतें तें हें दक्षिण अमेरिकेंतील झाड निलगिरीवर चांगलें रुजलें होतें. तेव्हां २०० इंच पावसाच्या महाबळेश्वरास तें कां रुजूं नये? पण तें रुजलें नाहीं, आणि थोड्याच वर्षांत तो मळा सोडून द्यावा लागला. निलगिरीस दोन्ही मोसमांचा पाऊस मिळतो. सह्याद्रीवर चार महिने पाण्याचा लोंढा आणि पुढें आठ महिने कोरडें ऊन. झाडाच्या दृष्टीनें पाऊस किती पडतो यापेक्षां तो किती महिने पडतो, यास अधिक महत्त्व आहे.

दुसरें उदाहरण कासच्या पठाराचें. साताऱ्याच्या पश्चिमेस १५ मैलांवर, सुमारें ४,००० फूट उंचीवर हा जांभ्या खडकाचा सडा आहे. पाऊस येथें भरपूर, परंतु माती कोठें बोटभर तर कोठें तीही नाहीं. पावसाळा संपला कीं खडक तापतो, पाणी वाहून गेलेलें असतें, आणि फाल्गुन-चैत्रांत या सड्याची अवस्था एखाद्या मरुभूमीसारखी होते. म्हणून येथें मोठें झाड टिकत नाहीं. जें टिकतें तें दोन युक्तींनीं : एक तर तीन महिन्यांत उगवून, फुलून, बीं टाकून मोकळें व्हावयाचें, नाहींतर जमिनींत कंद लपवून वर्षाचे उरलेले महिने निजून काढावयाचे. तेरडा, सोनकी आणि कवळा पहिल्या युक्तीचे. हबे-आमरी आणि रानहळद दुसरीचे. सड्यावरील खळग्यांत सांचलेल्या पाण्यांत वायतुरा नांवाची वनस्पति उगवते. तिचा दोन शिंगांसारखा दुभागलेला तुरा पाण्यावर येतो, आणि पाणी आटलें कीं ती कंदरूपानें चिखलांत दडते. शास्त्रानें तिला वेगळी जाति म्हणून १९८२ सालीं ओळखलें, आणि तिच्या शास्त्रीय नांवांत साताऱ्याचें नांव गोंविलें. खडकांत अन्न नाहीं म्हणून सीतेची आसवें आणि दवबिंदू या वनस्पति बारीक किडे धरून आपली भूक भागवितात. मरुभूमींतल्या वनस्पति ज्या रीतीनें वागतात, त्याच रीतीनें या भर पावसांतल्या वनस्पति वागतात. एवढ्याशा सड्यावर फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८०० हून अधिक जाति नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारशांत घेतलीं, त्यांत कास, कोयना आणि चांदोली या तिन्हींचा समावेश आहे.

तिसरें उदाहरण एका लहानशा झुडपाचें आहे, आणि त्यांत थोडा राजकीय इतिहासही गुंतला आहे. सज्जनगडाच्या, महाबळेश्वराच्या आणि उत्तरेस जुन्नरकडील डोंगरांच्या उभ्या कड्यांवर शिंदळ माकुडी या नांवाची एक मांसल वनस्पति लोंबत असते. तिचें फूल गर्द तांबडें, त्यावर पिवळे ठिपके. डालझेलनें १८६० नंतर तिचें वर्णन केलें आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर याचें नांव तिला दिलें. हा फ्रियर १८४७ सालीं साताऱ्याच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून आला होता. पुढच्याच वर्षीं शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले तेव्हां त्यानें दत्तकाच्या बाजूनें मत दिलें, पण तें मानलें गेलें नाहीं, आणि खालसा झालेल्या त्याच राज्याचा कारभार त्याच्याकडे आला. साताऱ्याची गादी राहिली नाहीं. साताऱ्याच्या कड्यावर मात्र त्या रेसिडेंटाचें नांव फुलत राहिलें. या झुडपाचे जवळचे नातलग आफ्रिकेंतील आणि अरबस्तानांतील रुक्ष प्रदेशांत आढळतात. त्या कुळांतील बहुतेक वनस्पतींस पानें नसतात. दांड्यांतच पाणी सांठवून त्या जगतात. शिंदळ माकुडीनें मात्र दोन्ही देशांचे रीतिरिवाज उचलले आहेत. पावसाळ्यांत ती पानें धरते, आणि ऊन पडूं लागलें कीं तीं टाकून नुसत्या मांसल दांड्यांवर दिवस काढते. वाळवंटाचें कुळ आणि पर्वताचा पाऊस यांचा इतका सरळ मिलाफ दुसऱ्या झाडांत क्वचितच दिसेल. आज ती जगांतील अत्यंत दुर्मिळ वनस्पतींत गणली जाते.

आतां खऱ्या जांगल देशाकडे, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांकडे वळूं. चरकानें सांगितलेलीं बहुतेक लक्षणें येथें जशींच्या तशीं भेटतात. ओढ्याकाठीं बाभूळ, माळावर हिवर, खैर आणि बोर, खडकाळ जागीं हेकळ आणि तरवड. पूर्वेकडे सरकावें तशी नेपतीचीं बिनपानी झुडपें. ही नेपती म्हणजे राजपुतान्याच्या वाळवंटांतील केर, आणि आपण दसऱ्यास पूजितों ती शमी म्हणजे तेथील खेजडी. सीमोल्लंघनाच्या दिवशीं मराठी घरांत जिला मान मिळतो ती वनस्पति मरुभूमीची आहे, हें आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. नवरात्रांत घटावर चढणारी तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळही याच माळाची देणगी आहे; त्याच तरवडाच्या सालींत कातडें कमावून गांवची मोट आणि पायांतली वहाण तयार होत असे.

परंतु या देशाचें खरें धन झाडांत नसून गवतांत आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी या गवतांनीं हा माळ श्रावणापासून कार्तिकापर्यंत झांकलेला असतो. कुसळीच्या बियांस पीळदार केंस असतो. दंव पडलें कीं त्याचा पीळ सुटतो, ऊन लागलें कीं तो पुन्हा वळतो, आणि अशा रीतीनें तें बीं आपोआप जमिनींत शिरत जातें. मेंढराच्या लोकरीस चिकटून तें गांवोगांव हिंडतें, आणि ‘कुसळ’ होऊन आपल्या म्हणींतही शिरलें आहे. या गवतावर माणदेशचा खिलारी बैल पोसला. आटपाडी महालाचा खिलार म्हणून त्याची वेगळी ख्याति आहे, आणि खरसुंडीची जनावरांची जत्रा त्याच्याच जोरावर भरते. जत तालुक्यांतील माडग्याळ गांवच्या नांवानें ओळखली जाणारी मेंढी हीही याच गवताची निर्मिति. पाऊस पडला नाहीं तरी मुळें जिवंत ठेवण्याची या गवताची ताकद होती, म्हणून १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतरही माळ पुन्हा हिरवा झाला. ज्यास सरकारी दप्तर पडीक म्हणे, त्यावर सबंध मुलखाची शेती ओढणारे बैल उभे होते.

मरुभूमींतील वनस्पति मुळांत आल्या कोठून, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करणारा एक मोठा संशोधक मराठीच होता, आणि तो जन्मला होता धो धो पावसाच्या मालवणांत. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे १९१४ च्या सुमारास जर्मनीस गेले. महायुद्ध पेटल्यामुळें ते तेथेंच अडकले आणि त्यांस नजरकैदेंतही राहावें लागलें. पुढें बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली, ती वायव्य हिंदुस्थानांतील रुक्ष प्रदेशांच्या वनस्पति, त्यांचीं बीजें पसरण्याचीं साधनें आणि त्यांचें मूळ स्थान या विषयावरील प्रबंधानें. त्याच सुमारास मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लाटर आणि हालबर्ग हे जोधपूर-जेसलमेरकडील वाळवंटाच्या वनस्पतींचें वर्णन प्रसिद्ध करीत होते. आघारकरांच्या परिश्रमानें १९४६ सालीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. ती आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. मरुभूमि हा रिकामा प्रदेश नसून तेथें येण्यास वनस्पतींना दूरचा प्रवास आणि मोठी तयारी लागते, ही दृष्टि अशा अभ्यासांनीं दिली.

आलेले सगळेच पाहुणे मात्र भले नव्हते. अमेरिकेंतून आलेला फड्या निवडुंग दख्खनभर इतका माजला कीं गांवांच्या वेशी त्यानें बुजून गेल्या. १९२६ सालीं सिलोनांतून दक्षिण हिंदुस्थानांत आणलेल्या एका किड्यानें पुढील कांहीं वर्षांत त्याचा फडशा पाडला. पांचगणीच्या सरळ उंच सिल्व्हर ओकनें, जो ऑस्ट्रेलियाचा, तेथील देखाव्यांत आपली जागा करून घेतली. घाणेरीनें डोंगरउतार व्यापले. विलायती बाभळीनें ओढे आणि गायरानें घेतलीं. आणि गेल्या शतकाच्या मध्यास दिसूं लागलेल्या गाजरगवतानें मारवेलीच्या जागा बळकाविल्या. गुरांनीं खाऊन झिजलेल्या आणि नांगरानें उलटलेल्या माळावर अशा पाहुण्यांस शिरकाव सोपा होतो.

आज या दोन्ही देशांपुढें जीं संकटें आहेत त्यांचें स्वरूप निरनिराळें आहे. पर्वतावरील सड्यांस कौतुकाचें भय आहे. कासचीं फुलें पाहण्यास येणारांची संख्या इतकी वाढली कीं पायदळीं तुडविण्यापासून तीं राखण्यास प्रवेशावर बंधन घालावें लागलें. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठीं खडकावरून रस्ते गेले. माळास भय आहे तें उपेक्षेचें. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजनांनीं कृष्णेचें पाणी उचलून तासगांव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत यांकडे नेलें आहे. ज्या मुलखानें पिढ्यान्पिढ्या चारा-छावण्या आणि स्थलांतर भोगलें, त्यास मिळालेल्या पाण्याबद्दल कोणीही कुरकुर करूं नये. द्राक्ष आणि डाळिंब यांनीं तेथील कित्येक घरें सांवरलीं आहेत. परंतु पाणी आलें म्हणजे माळाचा प्रत्येक तुकडा नांगराखालीं जावा, आणि जो उरेल त्यावर कोणतेंही झाड लावून ‘वनीकरण’ झालें असें म्हणावें, हें मात्र सयुक्तिक नाहीं. गवताळ भूमीवर दाट झाडें लावणें म्हणजे तिची सुधारणा नव्हे, तिचा लोप होय. सागरेश्वराचा उघडा डोंगर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनीं राखला, आणि १९८५ सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यावरून एवढें तरी सिद्ध झालें कीं राखण्याचें काम सरकारी हुकमाच्या आधीं गांवांतून सुरू होऊं शकतें. तशीच राखण एखाद्या कुरणाची, एखाद्या गायरानाची, तेथील गवतासाठीं म्हणून व्हावयास हवी.

महाबळेश्वर आणि त्याच्या आसमंतांतील वनस्पतींचा तपशीलवार ग्रंथ भारतीय वनस्पति सर्वेक्षणानें १९९० नंतर दोन खंडांत काढला. सबंध महाराष्ट्राचे खंडही त्यामागून आले. म्हणजे नांवें आतां पुष्कळ कळलीं आहेत. उणीव आहे ती दृष्टीची. कासचा सडा आपणांस रमणीय वाटतो, कारण तेथें तीन आठवडे रंगांचा उत्सव असतो. त्या उत्सवाचें कारण असलेले आठ कोरडे महिने कोणी पाहावयास जात नाहीं. माणदेशाचा माळ रुक्ष वाटतो, कारण त्याचें सौंदर्य गुडघ्याएवढ्या गवतांत आहे आणि तें पाहण्यास खालीं वांकावें लागतें. आपल्या पूर्वजांनीं औषधी वेंचतांना जांगल देशास आनूपाच्या बरोबरीचें स्थान दिलें होतें; किंबहुना देहास हितकर म्हणून त्यास अधिकच मान दिला होता. तें स्थान त्यास परत मिळावयाचें असेल तर माळाचीं उरलेलीं कुरणें सरकारी दप्तरांत ‘पडीक’ या सदराखालून काढून त्यांच्या स्वतःच्या नांवानें नोंदलीं गेलीं पाहिजेत. आणि तें काम पुढील नांगरणीच्या आधीं झालें पाहिजे.